सगळं ठाऊक असलेल्या फादरचं मत विचारायचं नाही! सेमिनरीतला हा नियम नेमका काय आहे?

सासष्टीतल्या एखाद्या गावातला मुलगा राशोलच्या सेमिनरीत दाखल झाला की त्या घराची ओळखच बदलते. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतही थोड्याफार फरकाने हेच. 'आमचा ब्रदर' म्हणून मुलाचं नाव घेतलं जातं, सुट्टीला आला की शेजारी भेटायला येतात. आणि तोच मुलगा चार-पाच वर्षांनी बॅग घेऊन परत आला, तर चर्चच्या पायऱ्यांवर दबक्या आवाजात एकच प्रश्न फिरतो: काढला, की स्वतःहून आला?

या प्रश्नाचं उत्तर सेमिनरीत एका माणसाला बहुधा सगळ्यात जास्त माहीत असतं. तो म्हणजे आध्यात्मिक मार्गदर्शक, ज्याला तिथे 'स्पिरिच्युअल डायरेक्टर' म्हणतात. पण तो गावाला सांगणार नाही, आईवडिलांना सांगणार नाही, इतकंच काय, सेमिनरीच्या रेक्टरलाही सांगणार नाही.

कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ ची कॅनन संहिता, याबाबत फार स्पष्ट आहे. प्रत्येक सेमिनरीत निदान एक आध्यात्मिक मार्गदर्शक असलाच पाहिजे, असं कॅनन २३९ सांगतो. त्याच्यापुढचा कॅनन २४० म्हणतो की विद्यार्थ्याला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचं हे ठरवताना या मार्गदर्शकाचं किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरचं मत कधीही विचारता येणार नाही. 'शक्यतो विचारू नये' अशी पळवाट त्यात ठेवलेली नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं. कुठल्याही ऑफिसात माणूस पक्का करायचा असेल तर त्याला जवळून ओळखणाऱ्यालाच आधी विचारतात. इथे नेमकं त्यालाच बाजूला बसवलंय.

कारण असं. सेमिनरीत प्रत्येक मुलाच्या जणू दोन वह्या असतात. एक बाहेरची: अभ्यास, शिस्त, इतरांशी वागणं, सुट्टीत पॅरिशमध्ये केलेलं काम. ही वही रेक्टर आणि प्राध्यापक तपासतात, अहवाल बिशपांकडे जातो. दुसरी आतली: प्रार्थना होते की नुसतं डोळे मिटून बसणं होतं, ब्रह्मचर्य झेपेल का, राग कुणावर आहे, घरच्यांच्या हौसेपोटी तर इथे आलो नाही ना. ही वही मुलगा फक्त मार्गदर्शकापुढे उघडतो. दोन्ही वह्या एकाच टेबलावर आल्या तर काय होईल हे सांगायला कॅनन कायदा शिकलेला माणूस लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून आतली वही कोरी राहील. मुलगा मार्गदर्शकापुढे जाईल, गोड बोलेल आणि परत येईल. दहा वर्षांनी तो एखाद्या पॅरिशचा फादर झालेला असेल आणि जे सेमिनरीत बोलायचं राहिलं ते तिथे, लोकांमध्ये, बाहेर पडेल.

म्हणूनच रेक्टरवरही बंधन आहे. आपल्याच सेमिनरीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन त्याने ऐकायचं नाही. एखाद्या प्रसंगी मुलाने आपणहून विनंती केली तरच (कॅनन ९८५). ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्या कानात कबुली नको, इतका साधा हिशेब.

पापनिवेदन आणि मार्गदर्शन या दोन गोष्टी वेगळ्या, हेही लक्षात घ्यायला हवं. पापनिवेदन हा संस्कार आहे आणि त्याची गुप्तता फादरने थेट मोडली तर तो आपोआप चर्चबाहेर होतो. मार्गदर्शन म्हणजे ठरावीक दिवसांनी समोरासमोर बसून केलेलं बोलणं. तो संस्कार नव्हे, पण तेही 'आतल्या' वहीतलंच, ही भूमिका व्हॅटिकनने २०१९ च्या एका टिपणात पुन्हा मांडली.

मग त्या बैठकीत होतं काय? उपदेश कमी, ऐकणं जास्त, निदान तसं अपेक्षित आहे. याची घडण बरीचशी संत इग्नेशियस लोयोलांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातून आलेली. १५४८ साली छापलेल्या या पुस्तकात मन उभारी धरतं कधी आणि कोरडं पडतं कधी, हे ओळखायला शिकवलंय. मन कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय फिरवू नये, हा त्यातला गाजलेला नियम. पण तितकाच महत्त्वाचा आणि कमी सांगितला जाणारा दुसरा नियम असा की साधना करवून घेणाऱ्याने समोरच्याला कुठल्याही एका वाटेकडे ढकलू नये. म्हणजे, पाद्री तयार करणं हे मार्गदर्शकाचं काम नव्हेच. मुलाला स्वतःचं खरं काय ते दिसावं, एवढंच.

आता अवघड भाग. मुलगा या वाटेला योग्य नाही असं मार्गदर्शकाला कळलं तर? तो मुलालाच स्पष्ट सांगू शकतो, थांब म्हणू शकतो, रेक्टरशी तू स्वतः बोल असा आग्रह धरू शकतो. मुलाने ऐकलं नाही तर मात्र तो तोंड मिटून दीक्षाविधीला हजर राहतो. या नियमाची ही किंमत आहे आणि ती लहान नाही.

आणखी एक पेच आपल्या देशातला. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्या कलमात फादरांना वेगळी सूट दिलेली नाही. मार्गदर्शनाची गुप्तता हे अशा वेळी गप्प बसायचं कारण होऊ शकत नाही. पापनिवेदनाच्या बाबतीत मात्र चर्च आणि कायदा आमनेसामने येतात. अनेक मुलं कोवळ्या वयात सेमिनरीत जातात, तेव्हा पालकांनी हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

भाषेचाही एक प्रश्न आहे, त्याची फार चर्चा होत नाही. राशोलच्याच आवारात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. आज सेमिनरीतली वरच्या वर्गांची पुस्तकं बहुतेक इंग्रजी. घरात मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या मुलाला मनातलं नेमकं इंग्रजीत सांगता येतंच असं नाही. नेमलेल्या मार्गदर्शकाखेरीज बिशपांनी या कामासाठी ठरवलेल्या दुसऱ्या फादरकडे जायची मोकळीक कॅनन २३९ ने दिलेली आहे. आपली भाषा जाणणारा फादर त्यांत असेल, तर त्याच्याकडे जाता येतं.

तत्त्वज्ञान निदान दोन वर्षं, धर्मशास्त्र चार, त्याआधी तयारीचं वर्ष, एवढं झाल्यावर मुलगा डिकन होतो आणि किमान सहा महिन्यांनी पाद्री. डिकन होईपर्यंत बाहेर पडायला दार उघडं असतं. दीक्षा झाल्यावर मात्र ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळं करायचा अधिकार फक्त पोपना. म्हणून दीक्षेआधी मुलाला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावं लागतं की मी हे कुणाच्या दबावाखाली करत नाही. तो कागद बिशपांच्या फायलीत जातो. मार्गदर्शकाचा एक शब्दही त्या फायलीत नसतो.