मुळांवरील गाठी आणि मॉलिब्डेनमचे सहकार्य

सोयाबीन, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम वर्गातील जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात. हे कार्य नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, पार पाडते.

विकर ज्या पदार्थावर क्रिया करते त्यास क्रियाधार म्हणतात. विकराच्या विशिष्ट भागात क्रियाधार बांधला जातो आणि तेथेच त्याचे रूपांतर घडते. नायट्रोजिनेजचा क्रियाधार म्हणजे नत्राचा रेणू. मात्र केवळ प्रथिन त्यास बांधू शकत नाही. त्यासाठी लोह, गंधक व मॉलिब्डेनमयुक्त सहघटक आवश्यक असतो. त्यात लोहाचे ७ अणू असतात, तर मॉलिब्डेनमचा केवळ १. नत्राच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे किमान १६ रेणू खर्च होतात. ही ऊर्जा पिकाने पुरविलेल्या शर्करेतून मिळते.

आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम मातीतील लोह ऑक्साइडला घट्ट चिकटून राहतो. त्यामुळे ईशान्य भारत, झारखंड किंवा कोकणातील अशा जमिनींत जिवाणूसंवर्धकाची बीजप्रक्रिया करूनही पीक पिवळे राहू शकते. अशा वेळी गाठ कापून पाहावी. आतील गुलाबी रंग कार्यक्षमतेचे लक्षण होय. फिकट किंवा हिरवट गाठ आढळल्यास मातीचा सामू तपासावा. शिफारशीनुसार चुना दिल्यास मातीतील मॉलिब्डेनमची उपलब्धता वाढते. मॉलिब्डेनमयुक्त खत मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावे, कारण चाऱ्यातील त्याच्या अतिरेकाने जनावरांत तांब्याची कमतरता उद्भवते.