बूट चावतो तेव्हा पाय काय सांगतो?

आषाढी वारी आटोपून श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेला लागते. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर असा बुलढाणा जिल्ह्यातून प्रवास करीत ती खामगावला येते. शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, सुमारे १७ किलोमीटरचा. पंढरपूरपर्यंत जाऊन आलेल्या वारकऱ्यांचे पाय तोवर चालण्याला सरावलेले असतात. खरी पंचाईत होते ती या एका दिवसापुरते सामील होणाऱ्यांची. एरवी घर ते दुकान एवढेच चालणारी मंडळी आदल्या दिवशी नवे कोरे बूट घेतात आणि सकाळी निघतात. अर्धा रस्ता सरेपर्यंत कोणाची टाच सोललेली असते, कोणाच्या करंगळीवर फोड आलेला असतो, तर कोणी बूट हातात घेऊन लंगडत चाललेले असते.

साधा हिशेब करून पाहा. एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचे धरले, तर १७ किलोमीटरला सुमारे २४ हजार पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पाय १२ हजार वेळा जमिनीवर टेकतो. बूट टाचेला किंचित घासत असेल, तर तेवढ्याच वेळा घासणार.

फोड येतो कसा?

फोड फक्त वरवरच्या घासण्याने येत नाही. पाऊल टेकते तेव्हा आतले हाड पुढे सरकते, पण त्वचा मोज्याला आणि बुटाला चिकटून मागे राहते. या ओढाताणीत त्वचेचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. त्वचा घामाने किंवा पावसाने ओलसर झाली की ती अधिक चिकटते. त्यामुळे पावसाळ्यात, ओल्या मोज्यांनिशी चालताना फोड लवकर येतात. त्यात आपल्याकडची काळी माती बुटाला लागली की बूट जड होतो आणि टाच आत वरखाली होऊ लागते.

फोड येण्याआधी पाय सूचना देतो. त्या जागी आधी गरम वाटते, मग चुरचुरते. नेमके तेव्हाच थांबायला हवे. बूट काढा, खडा असेल तर झटका, पाय पुसा, मोजे बदला आणि त्या जागी कागदी सर्जिकल टेप लावा. ही टेप स्वस्त असते आणि औषधाच्या दुकानात मिळते. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच अशी टेप लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. ‘पुढच्या मुक्कामी बघू’ म्हटले, की वेळ गेलेली असते.

‘वापरून सैल होईल’ हा गैरसमज

दुकानदार हमखास सांगतो, ‘घाला चार दिवस, सैल होतील.’ चामडे रुंदीला थोडे सैलावते हे खरे. पण बुटाची लांबी वाढत नाही. रेक्झीन आणि प्लॅस्टिक तर फारसे सैलावतही नाही. बर्फावर घसरण्याच्या खेळात, म्हणजे स्कीइंगमध्ये, बूट कडक प्लॅस्टिकचे असतात. तिथे पाय बुटाच्या आकाराचा होण्याची वाट कोणी पाहत नाही. जिथे हाड टोचते तिथे बुटाचे कवच तापवून बाहेर फुगवले जाते. आपल्याकडचा चर्मकार चामड्याच्या बुटात लाकडी साचा घालून टोचणारी जागा ताणून देतो, तोही हेच करतो. बूट पायाप्रमाणे बदलायचा, पाय बुटाप्रमाणे नाही.

खरेदी करताना एवढे सांभाळा:

• बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी करकचतो.

• दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. उभे राहून दोन्ही मोजा आणि मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्या. वयानुसार पाऊल पसरते, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा नंबर सांगू नका.

• सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखाखाली रक्त साकळून नख काळे पडते.

• टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. चालताना ती उचलली जात असेल, तर लेस सर्वांत वरच्या छिद्रातूनही ओवून घोट्याजवळ आवळा.

• जे मोजे घालून चालणार, तेच घालून बूट पाहा. सुती मोजे घाम धरून ठेवतात; घाम बाहेर टाकणारे खेळाडूंचे मोजे लांब चालायला बरे.

• नवा बूट रोज थोडा थोडा वापरून दोन आठवडे आधी सरावाचा करा.

फोड आलाच, तर लहान असल्यास फोडू नका. वरची त्वचा हीच उत्तम मलमपट्टी. मोठा, दुखणारा असेल तर जागा साबणाने धुऊन निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी काढा, त्वचा तशीच राहू द्या आणि पट्टी बांधा. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा उद्योग घरी करू नये.

ज्याला दुखत नाही, त्याला धोका जास्त

वेदना नसणे किती महाग पडते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. या रुग्णांचे हातपाय रोगाने आपोआप झडतात, अशी तेव्हा समजूत होती. बहुतेक इजा संवेदना गेल्यामुळे होतात, हे त्यांनी ताडले. दुखत नाही म्हणून रुग्ण जखमेवरच चालत राहतो. पुढे अशा पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, म्हणजे ‘एमसीआर’ची पादत्राणे भारतात रुजली.

आज हाच धोका मधुमेहींना आहे. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. बूट चावतो, पण कळत नाही. मोजा रक्ताने भिजलेला दिसतो तेव्हाच जखमेचा पत्ता लागतो. ती चिघळली तर बोट, कधी पाऊलही कापावे लागते.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर चालायला निघण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा. अशा व्यक्तींनी अनवाणी चालू नये. तापलेल्या डांबराचा चटकाही त्यांना जाणवत नाही. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर घरच्यांनी प्रेमाने समजूत घालावी. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, रोज रात्री तळवे आरशात पाहावेत आणि कुरूप ब्लेडने कापू नये. जखमेभोवती लाली पसरली, पू झाला, ताप आला किंवा बोट काळे पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वाटेत पाय चुरचुरला आणि आपण पाच मिनिटे कडेला बसलो, तर वारीत काही उणे येत नाही. पालखी पुढे गेली तरी रस्ता शेगावचाच असतो.