शेतात उतरलेली पेटी उघडू नका

हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर शेतात रंगीत पॅराशूट, लांब दोरी आणि तिला बांधलेली यंत्रांची पेटी पडलेली दिसली, तर घाबरू नका आणि तिला हातही लावू नका. ती हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून आलेली असू शकते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्रातून पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले फुगे सोडतात. त्यांचा व्यास 50 ते 85 मीटर असतो आणि ते 30 ते 42 किलोमीटर उंची गाठतात. काही तासांनी यंत्रे पॅराशूटने खाली येतात. वारा नेईल तिकडे, अगदी 200 ते 350 किलोमीटरवरही ती उतरतात. परळी, अंबाजोगाई हा भाग हैदराबादपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आतच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपली त्वचा आणि डोळे जपणारा ओझोन मुख्यतः 15 ते 35 किलोमीटर उंचीवर असतो. 1987 मध्ये नासाच्या ईआर-2 विमानाने चिलीतून अंटार्क्टिकाकडे उड्डाणे केली. सुमारे 18 किलोमीटर उंचीवर जिथे क्लोरीन मोनॉक्साइड वाढला, तिथेच ओझोन घटलेला आढळला. फ्रिज आणि स्प्रेमधील सीएफसी वायूंवरचा संशय पक्का झाला. पण त्याहून वर विमान पोहोचत नाही, तिथे फुगाच लागतो. त्याच 1987 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांसह हैदराबादहून फुगे सोडले. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या स्टीलच्या नळ्यांत वेगवेगळ्या उंचीवरची हवा भरून आणली आणि तिच्यातले सीएफसी मोजले.

हवेचे असे नमुने किंवा नोंदी पेटीतच असतात. कुणी ती उघडली, भाग काढून नेले किंवा तारा तोडल्या, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. शिवाय काही यंत्रांत उच्च दाबाची वीज असते, त्यामुळे जिवालाही धोका असतो.

म्हणून पेटी जागची हलवू नका, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा. जवळचे पोलीस ठाणे, टपाल कार्यालय किंवा तहसील कार्यालयाला कळवा. पेटीवर संस्थेचा पत्ता असतो. खबर देणाऱ्याला योग्य बक्षीस आणि वाजवी खर्चही मिळतो.