‘पडशील!’ म्हणण्यापूर्वी

आई-वडील दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरांत नातवंडांची संध्याकाळ बहुधा आजी-आजोबांच्या हाती असते. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या या तासांत मूल काय करते, यावर त्याच्या शरीराची घडण पुष्कळशी अवलंबून असते. मुलांच्या व्यायामाविषयी पालकांना भरपूर सांगितले जाते. घरातील ज्येष्ठांशी मात्र क्वचितच कोणी बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे, दम लावणारे खेळ त्यात असावेत. हा तासभर सलग असण्याची गरज नाही. शाळेत चालत जाणे, मधल्या सुट्टीतील पकडापकडी, संध्याकाळचा खेळ हे सारे त्यात धरावे.

खरी अडचण वेळेपेक्षा आपल्या भीतीची असते. ‘धावू नकोस, पडशील’, ‘चढू नकोस, हात मोडेल’ ही वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. याचे कारणही समजण्याजोगे आहे. सत्तरीत पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे, शस्त्रक्रिया, महिनोन्महिन्यांचे परावलंबन. ज्यांनी हे सोसले किंवा जवळून पाहिले, त्यांना धावत्या मुलाकडे निर्धास्तपणे पाहवत नाही. परंतु मुलाचे पडणे निराळे असते. त्याची उंची आणि वजन कमी, हाडे लवचीक. बहुतेक वेळा खरचटण्यावर किंवा टेंगळावर भागते. क्वचित हाड मोडलेच, तरी ते मोठ्यांपेक्षा लवकर सांधते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की उडी मारताना हाडांवर जो भार येतो, त्यानेच वाढत्या वयात हाडे भरीव होतात. हाडांची ही पुंजी बव्हंशी विशीच्या आसपासपर्यंत साठते आणि पुढील सारे आयुष्य तिच्यावरच काढायचे असते. आज सोफ्यावर मोबाइल पाहत सुरक्षित बसलेली नात आपल्या वयाची होईल, तेव्हा तिला ही पुंजी कमी पडण्याचा धोका राहतो. खुब्याच्या ज्या दुखण्याला आपण भितो, त्यापासून तिला वाचवायचे असेल, तर तिला आज उड्या मारू दिल्या पाहिजेत.

त्यासाठी महागडा वर्ग लावावाच असे नाही. (पोहण्याचा वर्ग उत्तमच, पण आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि उरलेले पाच दिवस बैठक, हा हिशेब जुळत नाही.) लंगडीने तोल आणि पायांची ताकद वाढते, दोरीवरच्या उड्यांनी दम, लगोरीने नेम आणि चपळाई. हे खेळ आपल्याला येतात, पुष्कळ मुलांना येत नाहीत. गुडघे दुखत असले तरी खुर्चीवर बसून उड्या मोजता येतात, चेंडू फेकता येतो, पंच होता येते. मुलाला खेळायला पाठविण्यापेक्षा त्याच्याबरोबर खाली उतरणे अधिक उपयोगी ठरते. आपलेही चार पावले चालणे होते.

उघड्यावर खेळण्याचा लाभ डोळ्यांनाही होतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले गेले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते. इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलाला ‘जाड्या’ म्हणून हिणवू नये आणि उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नयेत. शिक्षेत भेटलेल्या व्यायामाची गोडी लागत नाही.

लक्ष ठेवायचे ते रस्ता, उघडी टाकी, बिनकठड्याची गच्ची यांवर. तेथे ठामपणे नाही म्हणावे. इतरत्र ‘पडशील’ऐवजी ‘फांदी घट्ट धर, पाय कुठे ठेवतोस ते पाहा’ असे सांगावे. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा ऊन कलल्यावर असावा, पाणी जवळ असावे. दमा असलेल्या मुलाचा खेळ परस्पर बंद करू नये. औषध केव्हा घ्यावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. खेळताना मुलाला भोवळ आली, छातीत दुखले किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर धाप लागू लागली, तर मात्र त्या दिवशी खेळ थांबवून विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.