शौर्याला विद्येची जोड

बोईसरच्या पश्चिमेस, सागरकिनाऱ्यावर तारापूर हे गाव आहे. आज हे नाव उच्चारताच तेथील अणुविद्युत केंद्राचे स्मरण होते. परंतु इतिहासात तारापूर प्रसिद्ध आहे ते त्याच्या किल्ल्यामुळे. इ. स. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा वीर धारातीर्थी पडला. मराठ्यांच्या शौर्याला तोटा नव्हता. तथापि केवळ शौर्याने दगडी तट ढासळत नाहीत. तटाखाली सुरुंग खणावे लागले, त्यांत दारू ठासावी लागली. सुरुंग उडून तटाला खिंडार पडले, तेव्हाच वीरांना आत वाट मिळाली. सुरुंग लावणे ही एक विद्या आहे. ती जाणणारी माणसे सैन्यात होती, म्हणून शौर्याचे चीज झाले.

आजच्या सैन्याला अशा कितीतरी विद्या लागतात. त्यांचा श्रीगणेशा विद्यार्थिदशेतच व्हावा, या हेतूने स्वतंत्र भारतात १९४८ साली कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. हिलाच आपण एन. सी. सी. म्हणतो. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची योजना सुचविली होती. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. भूदल, नौदल आणि वायुदल अशा छात्रसेनेच्या तीन शाखा आहेत. शाळांत कनिष्ठ विभाग असतो, तर महाविद्यालयांत वरिष्ठ.

संचलन, नेमबाजी, नकाशावाचन हे शिक्षण सर्वच छात्रांना मिळते. पण ज्यांची तयारी विशेष असते, त्यांना निवडून खास शिबिरांना पाठवितात. अशी पुष्कळ शिबिरे सुट्टीच्या दिवसांत भरतात. काही छात्र सैन्याच्या तुकडीत राहून जवानांची दिनचर्या अनुभवतात. काहींना नौदलाच्या जहाजावर जाण्याची संधी लाभते.

पालघरजवळच्या सातपाटीसारख्या कोळीवाड्यातील मुलाला समुद्राचे भय ते काय! भरती-ओहोटी त्याला उपजतच कळते. तरीसुद्धा नौदलाच्या शिबिरात त्याला नव्याने शिकावे लागते. तेथे सर्वांची वल्ही एकाच तालावर पाण्यात पडावी लागतात. निशाणांच्या खुणांनी दूरच्या जहाजाशी बोलावे लागते. एकट्याचे कौशल्य तेथे पुरत नाही. दहा जणांनी एकदिलाने वागावे लागते.

आग्र्याला हवाई छत्रीने उडी मारण्याचे शिक्षण मिळते. हे शिक्षण विमानात नव्हे, जमिनीवर सुरू होते. दोन्ही पाय जुळवून जमिनीला कसे टेकावेत, टेकताच अंग कसे लोळवावे, याचा सराव पुनःपुन्हा करून घेतात. कारण सारा भार पायांवरच आला, तर हाड मोडते. छत्रीचा एक पट्टा विमानाला अडकविलेला असतो. उडी घेताच त्याला ताण बसतो आणि छत्री आपोआप उघडते. हे सर्व ठाऊक असूनही विमानाच्या दारात उभे राहिले, की काळीज धडधडतेच. सरावाने भीती नाहीशी होत नाही, पण ती काबूत राहते.

गिर्यारोहणासाठी छात्र दार्जिलिंग व उत्तरकाशी येथील संस्थांत जातात. हिमाच्या उतारावर गिर्यारोहक एकाच दोराने परस्परांशी बांधलेले असतात. एकाचा पाय घसरला, तर इतरांनी तत्काळ बर्फात कुदळ रोवून त्याला सावरायचे असते. एकाचा निष्काळजीपणा सर्वांच्या जिवावर बेतू शकतो. १८ मे २०२५ रोजी छात्रसेनेच्या दहा छात्रांनी एव्हरेस्टच्या शिखरावर पाऊल ठेवले. त्यांत पाच मुली होत्या. अशा यशामागे दोराला बांधून घेतलेल्या सोबत्यांचा परस्परांवरील विश्वास असतो.

वरिष्ठ विभागातील छात्राला शेवटी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. ते मिळविणाऱ्या पदवीधरांसाठी सैन्यातील अधिकारपदाचा एक खास मार्ग खुला आहे. मात्र त्यांनाही निवड मंडळाच्या कठोर कसोटीतून जावेच लागते. छात्राने सैन्यात गेलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. बहुसंख्य छात्र पुढे शिक्षक, कारखानदार, शेतकरी वा वैद्य होतात.

मग त्यांचे शिक्षण वाया गेले काय? मुळीच नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी छात्रांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांना साहाय्य केले आणि नागरी संरक्षणाच्या कामातही हातभार लावला. गावात पूर येतो, आग लागते किंवा गर्दीत चेंगराचेंगरी होऊ लागते, तेव्हा धावून जाणारे पुष्कळ असतात; परंतु काय करावे हे जाणणारे थोडे. ज्याचे मन शांत आणि हात शिकलेले असतात, तोच अशा वेळी दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.