उतरण्याचे गणित : विमान-प्रतिकृतीतील फ्लॅप आणि ब्रेक

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपठारावर विमानाची प्रतिकृती उडवणे सोपे, उतरवणे कठीण. हवेला येथे तोटा नाही. पश्चिमेचा वारा दरीच्या कड्याला थडकून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर घारी पंख न हलवता तरंगत राहतात. आमच्या विज्ञान मंडळाचे दोन मीटर पंखविस्ताराचे ग्लायडरही त्याच हवेवर तरंगते. अडते ते जमिनीपाशी. येथे सपाट जागा म्हणजे भाताची खाचरे; त्यापलीकडे नागली-वरईचे उतार, आणि मग दरी. साऱ्या वसतिगृहाला मिळून विमान एकच आहे. ते दरीत गेले तर पुढचे वर्ष कागदी विमानांवर काढावे लागेल.

आमच्या मुलांना उडते यंत्र म्हटले की ड्रोन आठवतो, आणि ते साहजिकही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावी कोरोनाच्या ३०० लशी ड्रोनने पोहोचवण्यात आल्या. रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटे लागणारे ते काम नऊ-दहा मिनिटांत झाले. चार पंख्यांचा ड्रोन मात्र हवेत जागच्या जागी थांबतो आणि सरळ खाली उतरतो. स्थिर पंखांच्या विमानाला थांबण्याची मुभा नाही. थांबले की ते पडते.

येथे थोडे गणित करू. समजा, आमचे ग्लायडर एक मीटर खाली येताना बारा मीटर पुढे जाते. खाचराच्या अलीकडे दहा मीटर उंचीचे मोहाचे झाड आहे. ते ओलांडून आलेले विमान जमिनीला टेकेपर्यंत १२० मीटर पुढे जाईल. खाचर मात्र जेमतेम चाळीस मीटरांचे. नाक खाली दाबले तर काम होईल, असे मुलांना वाटते. पण नाक दाबले की वेग वाढतो, आणि वाढलेला वेग विमानाला जमिनीलगत आणखी लांब घेऊन जातो. आपल्याला हवा आहे तीव्र उतार, पण वेग न वाढता. त्यासाठी हवेचा अवरोध वाढवावा लागतो, आणि ते काम ब्रेकचे.

अशा ग्लायडरच्या पंखावर बहुधा निराळा ब्रेक बसवलेला नसतो. असलेल्याच चार झडपांतून तो घडवायचा असतो. पंखाच्या मुळाजवळचे दोन फ्लॅप खाली लोंबतात, टोकांकडचे दोन एलेरॉन वर उचलले जातात. फ्लॅपमुळे पंखाच्या मध्यभागी उचल आणि अवरोध दोन्ही वाढतात. वर गेलेले एलेरॉन टोकांची उचल कमी करतात. एकूण उचल फारशी बदलत नाही, अवरोध मात्र पुष्कळ वाढतो. शिवाय टोकांवरचा भार हलका झाल्याने मंद वेगातही एखादे टोक अचानक कोसळण्याचा धोका कमी होतो. या रचनेला इंग्रजीत कावळ्याचे नाव आहे, कोणी फुलपाखराचेही देतात. उतरू पाहणारी घार पंख आणि शेपटी कशी पसरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातले नवल कळेल.

आता चार झडपा एकाच दांडीने हलवायच्या, तर ट्रान्समीटरमध्ये मिक्सर लिहावा लागतो. (मिक्सर म्हटल्यावर स्वयंपाकघरातील मावशींना चटणी आठवते, कल्पना तशी दूरची नाही.) एका हालचालीचा ठरावीक हिस्सा अनेक सर्वोंना वाटून देणे, एवढाच त्याचा अर्थ. आरंभ मात्र मिक्सरपासून करू नये. आधी प्रत्येक सर्वोची दिशा, मध्यबिंदू आणि मर्यादा ठरवाव्यात. फ्लॅपला वर फारसे जायचे नसते, खाली मात्र साठ-सत्तर अंश जायचे असते. म्हणून त्याच्या सर्वोची भुजा मध्यस्थितीतच एका बाजूला कललेली बसवतात. ग्लायडरला मोटर असेल तर हे सारे करताना पंखा काढून ठेवावा.

ब्रेकसाठी डावी, थ्रॉटलची दांडी उत्तम. मोटर निराळ्या खटक्यावर द्यावी. दांडी पुढे म्हणजे ब्रेक बंद, पूर्ण मागे म्हणजे पूर्ण ब्रेक. दांडीचे मूल्य अधिक १०० ते उणे १०० असते, आपल्याला शून्य ते १०० हवे. एजटीएक्ससारख्या प्रणालीत हिस्सा उणे ५० आणि ऑफसेट ५० दिला की हे साधते. सातवीच्या मुलांनी ही बेरीज फळ्यावर स्वतः करून पाहिली. एलेरॉन वीस अंशांपेक्षा फार वर नेऊ नयेत, नाहीतर वळण्यासाठी त्यांच्यात हालचालच उरत नाही.

खरी कसोटी एलिव्हेटरची. ब्रेक ओढताच बहुतेक ग्लायडरे नाक वर करतात, वेग गमावतात आणि नेमकी जमिनीजवळ कोसळतात. अशा ब्रेकपेक्षा ब्रेक नसलेला बरा. म्हणून ब्रेकबरोबर एलिव्हेटर थोडा खाली जाईल असा आणखी एक मिक्सर हवा. तो सरळ प्रमाणात चालत नाही. पहिल्या अर्ध्या ब्रेकमध्येच भरपाईचा मोठा भाग लागतो, नंतर वाढ मंदावते. पाच बिंदूंची वक्ररेषा घेऊन ०, ६, ९, ११, १२ टक्के अशी सुरुवात करता येते. हे आकडे केवळ आरंभासाठी. प्रत्येक विमानाचे वेगळे. कमी पडले तर नाक उठते, जास्त झाले तर विमान सूर मारते. सोण थेरांच्या वीणेची कथा आमची मुले परिपाठात ऐकतात, तेव्हा तारेचा ताण म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजवावे लागले नाही.

चाचणी पुरेशा उंचीवर घ्यावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे, ती पाळून. एकाने विमान उडवावे, दुसऱ्याने केवळ नाकाकडे पाहावे, तिसऱ्याने वहीत लिहावे. आधी पाव ब्रेक, मग अर्धा, मग पूर्ण. उडवणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी केलेली दुरुस्ती जाणवत नाही, म्हणून दुसरा माणूस आवश्यक.

खाचरात उतरताना आणखी एक काळजी. कापणीनंतरचे भाताचे खुंट ताठ असतात. लोंबणारा फ्लॅप त्यात अडकला की सर्वोचे दाते तुटतात. म्हणून विमान वीतभर उंचीवर आले की ब्रेक मिटावा. त्याहून वर असताना झटक्यात मिटला तर फ्लॅपची उचल एकदम नाहीशी होऊन विमान दगडासारखे खाली येते. ज्याच्या शेतात उतरायचे, त्याला आदल्या दिवशी विचारावे.

शेवटी फेलसेफ. संपर्क तुटला तर मोटर बंद, ब्रेक पूर्ण उघडा आणि रडर किंचित एका बाजूला, असे रिसीव्हरला शिकवून ठेवावे. मग विमान पाड्याच्या दिशेने भरकटत न जाता जवळच घिरट्या घेत खाली येईल. दर वेळी उड्डाणापूर्वी, विमान हातात घट्ट धरून आणि पंख्यापासून दूर राहून, ट्रान्समीटर बंद करून ही व्यवस्था तपासावी. फ्लॅप खाली आणि एलेरॉन वर गेलेले डोळ्यांनी दिसल्याखेरीज विमान हातातून सोडू नये.