उडती मोटार येऊन गेली

१९८९ साली आलेल्या ‘बॅक टु द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात २०१५ सालचं आकाश मोटारींनी भरलेलं दिसतं. ते साल मागे पडलं, आपण सिग्नलवरच उभे आहोत. म्हणून विज्ञानकथांनी दिलेला शब्द तंत्रज्ञानाला पाळता आला नाही, असं सर्रास म्हटलं जातं. यातली पहिली चूक म्हणजे उडती मोटार बनवताच आली नाही, हे गृहीतक. अमेरिकेत मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ १९४९ साली उडाली आणि १९५६ मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्रही मिळालं. उतरल्यावर पंख सोडवायचे, ते मागे ओढत न्यायचे आणि मोटार रस्त्याला लावायची, अशी तिची रचना होती. पण अशा जेमतेम सहा गाड्या बनल्या. रस्त्यावरच्या गाडीला धक्का सोसायला भक्कम अंग लागतं, तर विमानाला प्रत्येक किलो जड जातो. दोन्ही एकाच यंत्राकडून मागितलं की मोटारही बेताची होते आणि विमानही.

पडद्यावरच्या मोटारीला तर धावपट्टीही लागत नाही. ती जागच्या जागी उचलली जाते. खरा खर्च तिथेच आहे. रस्त्यावरच्या गाडीचं वजन जमीन पेलते; इंजिनाचं भांडण फक्त हवेशी आणि चाकांच्या घर्षणाशी. हवेत नुसतं तरंगायचं तरी क्षणोक्षणी हवा खाली ढकलत राहावं लागतं. रॉबिन्सन आर-२२ हे दोन माणसांचं हेलिकॉप्टर भरलेलं असतानाही सव्वासहाशे किलोच्या आत असतं, तरी त्याला शंभराहून अधिक अश्वशक्ती लागते; ताशी ऐंशीने जाणाऱ्या साध्या मोटारीला वीस-पंचवीस पुरते. आता विजेवरच्या हवाई टॅक्सी येताहेत, हा आक्षेप रास्त आहे आणि विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा साधारण तिप्पट कार्यक्षम असते हेही खरं. पण एक किलो पेट्रोलात सुमारे बारा युनिट ऊर्जा असते, एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिट. कार्यक्षमतेचा फायदा धरूनही सोळा पटींची तफावत उरते. त्यामुळे ही वाहनं जवळच्या पल्ल्यांसाठी, मोजक्या लोकांना उपयोगी पडतील. घरोघरच्या मोटारीची जागा ती घेणार नाहीत. रस्त्यात बंद पडलेली गाडी कडेला लावता येते. वस्तीवर बंद पडलेल्या गाडीला कड नसते.

दुसरा गैरसमज वेगाचा. १९५८ साली बोइंग ७०७ ज्या वेगाने प्रवासी नेऊ लागलं, जवळपास त्याच वेगाने आजही विमानं उडतात, आणि हे थिजल्याचं लक्षण मानलं जातं. पण १९७६ ते २००३ या काळात कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत होतं. लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. त्याला दर माणशी जम्बो जेटच्या दुपटीहून अधिक इंधन लागे. त्याच्यासारख्या विमानांच्या गडगडाटामुळे अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून ध्वनीहून वेगवान नागरी उड्डाण करायला बंदीही घातली. प्रवासी सेवेत उतरली फक्त चौदा विमानं. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला आठपट शक्ती लागते, हा ढोबळ हिशेब कुणालाही चुकवता आलेला नाही.

मग हवाच काढून टाकली तर? हायपरलूपची कल्पना तीच. मुंबई-पुणे हायपरलूपला २०१९ मध्ये राज्य सरकारने पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी नेवाडाच्या वाळवंटात दोन माणसं अर्धा किलोमीटर नळीतून ताशी १७२ किलोमीटर वेगाने गेली आणि २०२३ अखेरीस ही चाचणी घेणारी कंपनी बंद झाली. जपानची शिंकान्सेन १९६४ सालीच ताशी २१० किलोमीटरने गाडीभर माणसं नेत होती.

तंत्रज्ञान थांबलेलं नाही, या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच रुळांवरून येतो. १९३० साली डेक्कन क्वीन पुण्याहून पावणेतीन तासांत मुंबई गाठायची, आज तिला तीन तासांहून अधिक लागतात. मग प्रगती कुठे आहे? आक्षेप खरा आहे, मात्र दोष विज्ञानाचा नाही. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे आणि त्याच रुळांवर आता कितीतरी अधिक गाड्या सोडाव्या लागतात. जादा मार्गिका आणि कमी चढाचे बोगदे कसे करायचे हे माहीत आहे. त्यावर पैसा लावायचा की नाही, एवढाच निर्णय आहे. मला वाईट वाटतं ते अशा अडलेल्या निर्णयांचं. मुंबईच्या लोकल मार्गांवर अलीकडे वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. आपोआप बंद होणारी दारं डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या वातानुकूलित लोकलला लागली. बहुतेक लोकल आजही उघड्या दारांनी धावतात.